बाभळीखालचा काळा करकोचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — माझं मन चांगलं दणकट आहे.

वरवंडजवळ तलावाचा एक चिंचोळा फाटा शेतांत शिरलाय. समुद्र आमच्यापासून घाटापलीकडे, पण भरती-ओहोटी आम्हालाही आहे. कॅनॉलला पाणी सुटलं की फाटा काठोकाठ भरतो, बंद झालं की चिखल उघडा पडतो. पावसाळ्यात तिथं पाणकोंबड्यांचा गोंगाट, थंडीत बदकं आणि तुरुतुरु पळणारे तुतवार, उन्हाळ्यात उरलेल्या डबक्याशी एखादा बगळा. लग्न होऊन आल्यापासून मी तिथं जातेय. गवत कापायला नाही, शेरडं राखायला नाही — नुसतं बघायला. सुनेनं गळ्यात दुर्बीण घालून बांधावर बसायचं म्हटल्यावर गाव हसलं. हसू दे.

मग धाकटी जाऊ आली. शैला, कवठे येमाईची. तिला मी स्कूटीवर मागं बसवून नेऊ लागले. दुर्बीण कशी धरायची, पक्षी उडाला तर आधी काय बघायचं, सगळं मी शिकवलं. पुढं आम्ही दोघी दौंडच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपात गेलो. त्यांचा एक दंडक होता — तलावावर नवा पक्षी एकट्यानं पाहिला, तर तो यादीत धरायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी ‘मीही पाहिला’ म्हणायला हवं.

काळ्या करकोच्यासाठी मी किती हिवाळे तो चिखल तुडवला, ते विचारू नका. मला कधी दिसला नाही. आणि शैलाला? दुसऱ्याच हिवाळ्यात! पाणी नुकतंच ओसरलं होतं. तिनं माझं मनगट दाबलं, बाभळीकडे बोट केलं. मी दुर्बीण लावली. तो तिथं उभा होता. घटकाभर थांबला आणि उडाला. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला झोंबलं. इतकी वर्षं मी थांबले, आणि तो हिला दिसावा?

त्याच रविवारी तिनं ग्रुपात सांगितलं. आमच्यातले सगळ्यांत जुने आप्पा म्हणाले, “कांडेसर आसंल. लांबनं त्योबी काळाच दिसतो.” आणि माझ्याकडे वळले. शैला हसत होती. तिला कसली काळजी? तिची साक्ष शेजारीच बसली होती.

मी म्हणाले, “मला न्हाई दिसला.”

“आवं अक्का, तुमी तर दुर्बीण लावली हुती...” एवढंच बोलली ती.

ग्रुपात तिची चेष्टा सुरू झाली. घरी दीर म्हणायचे, “हिला न्हाई ते दिसतंय.” मी भाकऱ्या थापत ऐकायचे. एकदा तर सगळ्यांबरोबर हसलेसुद्धा. मग एके दिवशी तिनं दुर्बीण माझ्या कपाटात ठेवून दिली आणि परत मागितली नाही. आजही आम्ही एकाच स्वयंपाकघरात आहोत. तिनं मला एका शब्दानं जाब विचारला नाही. विचारला असता, तर मी पुन्हा खोटंच बोलले असते — हेही लिहून टाकते.

मी लहान होते, घाबरले होते, असलं काही नाही. एका पक्ष्यापायी एवढं, असं म्हणणारे म्हणतील. हो, एका पक्ष्यापायी. पक्षी मोठा असतो आणि मत्सर त्याहून मोठा. मला माफी नको. शैला हे वाचेल. वाचू दे. ग्रुपातलेही वाचतील, त्यांच्यासाठीच पुढचं लिहितेय.

तो कांडेसर नव्हता. कांडेसरची मान पांढरी असते, याची मान काळी होती. चोच लाल, पाय लाल, पोट पांढरं. काळा करकोचा. आधी शैलानं पाहिला, मग मी.

दोघींनी पाहिला.