दोन्ही बाजूंनी सुलटा अंतरपाट

बाबांची रेल्वेतली बदली जयपूरला झाली, तेव्हा आदर्श नगरात शेजारच्या भाभीजी मशीनवर भरतकाम करायच्या. कापडाला चुण्या पडू नयेत म्हणून मागून डिंकाने कागद चिकटवायच्या. कापड ताणून धरणाऱ्या रिंगला राहिलेला डिंक पुढच्या कापडाला डाग पाडतो, म्हणून ओल्या फडक्याने रिंग पुसत तिलाच दटावायच्या, "छोड़, छोड़ ना!" मग ती गालावरून फिरवायच्या; जरा चिकटली की पुन्हा पुसणं.

ताईच्या लग्नाचा रेशमी अंतरपाट मी त्यांच्याकडे नेला. तो नवरा-नवरीच्या मधे धरतात, हे ऐकून त्या उडाल्याच. "मतलब इसकी उल्टी तरफ़ है ही नहीं!" कागद, डिंक सगळं बाजूला! रिंग एवढी पुसली आणि पारखली, की गाल लाल झाला. मग श्वास रोखून नुसत्या रेशमावर स्वस्तिक भरलं.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षतांचा पाऊस पडला. भाभीजींनी भटजींच्या हातून अंतरपाट ओढला, दोन्हीकडून गालावर फिरवला आणि भर मांडवात ओरडल्या, "दोनों तरफ़ साफ़!"

ताईने मान वर केली, ती नवऱ्याच्या आधी त्यांच्याकडे पाहायला.