चहाच्या रंगाची शिडं

माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसेल, आणि अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी ते माझं मलाच लागत नाही. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणी उघडलीच, तर रागावू नये.

समुद्राची जेवढी काळजी आमच्या काकाजींनी केली, तेवढी समुद्राकाठच्या माणसांनीही केली नसेल; आणि काकाजींनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. अकोल्याच्या कोर्टात त्यांनी चाळीस वर्षं वकिली केली. पाणी पाहिलं ते मोर्णा नदीचं, तेही पुलावरून, आणि उन्हाळ्यात तेही नाही. मी त्यांच्याकडे सोळा वर्षं स्वयंपाक आणि धुणं केलं. काकी वारल्या, मुलगा अमरावतीला राहायचा. काकाजींच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून मुलानं ब्लेडची पाती, करवत, डिंक घेऊन करायची बारीक कामं बंद केली होती आणि बँकेचं कार्डही स्वतःकडे ठेवलं होतं. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि गुपचूप एक जहाज मागवलं.

पार्सलवाला दारात रोख पैसे मागत उभा राहिला, तेव्हा काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. कूलर आणायला त्या दिवशी मी कमरेला चार हजार बांधून आणले होते. ते मी दिले. त्यांनी लगेच तिकीट लावून पावती लिहिली, मला दोनदा वाचून दाखवली आणि म्हणाले, "नीट ठेव वं बाई. वकिलाले पैसे देनं लय जोखमीचं काम हाय." महिन्याला दोनशे फेडायचे ठरले. ते भाजीच्या पैशांतून वाचवायचे, म्हणून त्या घरात मग कोहळं शिजलं, पुन्हा कोहळं शिजलं, आणि मी दोन उन्हाळे कूलरशिवाय काढले.

डब्यात प्लास्टिकचे तुकडे होते आणि झाकणावर चित्र. चित्राप्रमाणे जोडलं की जहाज होतं. पण काकाजींना ते पटेल तर ना. त्यांनी जहाजांवरचं जाड पुस्तक उघडलं, भिंग लावलं आणि त्या डब्याची उलटतपासणी सुरू केली. चित्र म्हणजे विरुद्ध पक्षाचा कागद, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे मालाचं जहाज, आपल्या वऱ्हाडचा कापूस नेणारं. मग याच्यावर तोफा कशाला? तोफा काढल्या, त्यांची भोकं काचा बसवायच्या लांबीनं बुजवली. दोऱ्यांची भोकं जाड वाटली, तर माझी सुई गॅसवर तापवून नवी पाडली. त्या दिवशीच्या पोळ्यांना प्लास्टिकचा वास होता. त्यांनी चार खाल्ल्या. आडव्या काठ्यांसाठी उदबत्तीच्या काड्या तासल्या, त्या संपल्यावर माझा खराटा रोज बारीक होऊ लागला.

मग मला कापसाच्या गाठी शिवायला बसवलं. चिंचोक्याएवढी एक गाठ, आत खरा कापूस, वर जखमेच्या पट्टीचं कापड. अशा साठ. त्या जहाजाच्या पोटात रचल्या आणि काकाजींनी वरून डेकच चिकटवून टाकला.

"आता कोनाले दिसन हे, काकाजी?" मी म्हणाले.

"फाइल बंद असली म्हंजे आत कागद नसतेत काय?"

शेवटी राहिली शिडं. डब्यातली प्लास्टिकची होती, फुगलेली. "वारा नाई अन् शीड फुगलं," काकाजी म्हणाले, "ही खोटी साक्ष हाय. मले चालत नाई." कोर्टात गळ्याला बांधायचे पांढरे पट्टे त्यांनी पेटीतून काढले. त्यांची मी बारा शिडं शिवली, एकपदरी दोऱ्यानं. ती चढली की झालं, म्हणाले. डोळे तोवर टिकावेत एवढंच.

मग मी भाचीच्या बारशाला दोन दिवस मूर्तिजापूरला गेले. परत आले तर घराला कुलूप. मुलगा काकाजींना डोळे दाखवायला अमरावतीला घेऊन गेला होता. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. दोरीवर बारा शिडं, पिवळट, डागाळलेली. काकाजींच्या हातून रोज चहा सांडायचा. मला वाटलं, सांडला. ते यायच्या आत नीट करावं म्हणून मी तेच केलं जे त्या पट्ट्यांना इतकी वर्षं करत आले होते. साबण लावला, नीळ दिली, खळ दिली, इस्त्री केली. बगळ्यासारखी पांढरी निघाली.

संध्याकाळी काकाजी आले. चप्पल काढायच्या आधी शिडं मागितली. "तुले सांगतलं नव्हतं," ते म्हणाले. "जुनं शीड पांढरं नसते, बाई. रातभर कोऱ्या चहात बुडवून ठेवले व्हते म्या." एक शीड घेऊन ते खिडकीशी गेले, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

मी पदराचं टोक धरून उभी होते.

"जमला रंग," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जमला ना वं?"

तेव्हा मला कळलं की अमरावतीचे डॉक्टर काय बोलले असतील.

"चहासारखाच हाय," मी म्हणाले.

शिडं आम्ही दोघांनी चढवली. ते बोटांनी चाचपून जागा सांगत, मी गाठ मारी. पुढे मुलालाही जहाजाचं कळलं, तो रागावला नाही. येईल त्याला काकाजी जहाज दाखवत आणि म्हणत, "रंग पाहा शिडाचा. यात एकबी गोष्ट खोटी नाई." लोक पांढऱ्या शिडांकडे पाहत, मग माझ्याकडे, आणि हो म्हणत. सांगावंसं रोज वाटे. पुन्हा चहात बुडवायला एक रात्र पुरली असती. पण उतरवायची तर सांगावं लागलं असतं, आणि माझी जीभ उचलली नाही.

गेल्या महिन्यात मुलगा त्यांना कायमचं अमरावतीला न्यायला आला. जहाज मांडीवर घेऊन काकाजी गाडीत बसले आणि मला खिडकीशी बोलावलं. खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या, बोटांनी दोनदा मोजल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. मी जपून ठेवलेली त्यांची पावती परत दिली. त्यांनी ती चाचपली, तिकीट बोटाला लागलं तेव्हा फाडली.

"फिटले ना पुरे? काही बाकी?"

"पुरे फिटले, काकाजी," मी म्हणाले.