बिहागड्याचा चुकीचा अंतरा

बदनापूरच्या रेल्वे स्टेशनाकडून गावात येताना खताच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे संध्याकाळी पाच ते सात या वेळात मुलींना गाणं शिकवलं जातं. शिकवणाऱ्या बाईंचं नाव सत्यशीला साबळे. वय पस्तीस. गाण्याच्या कुठल्याही क्लासात नवी मुलगी आली की आधी सा धरायला लावतात, मग पलटे, मग भूप, मग यमन. इथे तिसऱ्या महिन्यात बिहागडा हा अवघड राग सुरू होतो, तोही दहा मात्रांच्या झपतालात. शिकवण्याच्या दृष्टीने हे चूक आहे, असं सत्यशीलाबाई स्वतःच सांगतात.

"यमन आल्याशिवाय बिहागडा कळत न्हाई. पण मला तो कुणाला कळवायचाच न्हाई. घरोघर पाठवायचाय."

त्यांचे वडील कारभारी साबळे जाफराबादला शिलाईचं काम करायचे आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मुलीचा गळा बरा आहे म्हणून २००३ साली त्यांनी तिला जालन्याला राधेश्यामबुवांकडे नेऊन सोडलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. राहायला मावशी सोनूबाईचं घर होतं, बुवांच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर. बुवांनी तरुणपणी हैदराबादेत एका वृद्ध उस्तादांकडे तालीम घेतली होती. जालन्यात त्यांच्याकडून शिकलो असं सांगणारे खूप होते, पण गंडा बांधलेला शिष्य एकही नव्हता. गुरूने मनगटाला धागा बांधला की शिष्याला त्याचं नाव लावायची परवानगी मिळते. बुवा तो धागा मुलगा हरिओम मोठा होण्याची वाट पाहत राखून होते.

सत्यशीला दहा वर्षं तिथे शिकली. सहाव्या वर्षी तिला मैफलीत बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसवलं. तंबोरा धरणाऱ्याने चार तारा एका गतीने छेडत राहायचं असतं. मान डोलवायची नाही, वाहवा करायची नाही. निमंत्रणपत्रिकेत तबल्याचं नाव असतं, पेटीचं असतं, तंबोऱ्याचं नसतं.

बुवांची एक खास चीज, म्हणजे बंदिश, होती, बिहागड्यातली, 'बाट बुहारूँ साँझ सकारे'. उस्तादांनी त्यांना एकट्यालाच दिलेली. सत्यशीलाला तिची स्थायी मिळाली, म्हणजे पहिला अर्धा भाग. अंतरा मागितला की उत्तर ठरलेलं असायचं.

"पुढच्या गुरुपौर्णिमेला."

अशा चार गुरुपौर्णिमा गेल्या.

२०१३ मध्ये तिने एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. त्याला गुरूचं पत्र लागत होतं. बुवांनी बंद पाकिटात दिलं. मुलाखतीच्या दिवशी पुण्यात समितीतल्या एका गृहस्थांनी ते फोडलं, वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "तुम्ही गाता का?"

पत्रात एकच ओळ होती. 'कुमारी साबळे तंबोऱ्याची साथ उत्तम करतात.' त्याच शिष्यवृत्तीसाठी हरिओमचाही अर्ज होता. त्याच्या पत्राला दोन पानं होती.

सत्यशीलाने त्या पत्राची झेरॉक्स मागून घेतली. आज ती क्लासातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. पुण्याहून परत आल्यावर ती भांडली नाही, रडलीही नाही. आणखी पाच महिने तंबोरा धरायला जात राहिली.

कारण हरिओमची तालीम सुरू झाली होती. सकाळी सहा ते आठ बुवा त्याला बिहागडा देत होते, अंतऱ्यासह. कुणा चाहत्याने बुवांना तंबोऱ्याची पेटी भेट दिली होती, बटण दाबलं की वाजणारी. बुवांनी ती खोक्यातच ठेवली. "यंत्रावर शिकलेला गळा यंत्रासारखाच वाजतो," असं ते सर्वांना सांगत. त्यामुळे खोलीत चौघं असायची. बुवा, हरिओम, तबल्यावर महेमूदचाचा आणि मागे सत्यशीला. बुवांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मागे बसलेल्या बाईला कान आहेत, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

रोज ऐकलेलं ती मावशीच्या घरी जाऊन वहीत लिहून काढायची. पाच महिन्यांत अंतरा पूर्ण झाला. त्या दिवशी तिने तंबोऱ्याला गवसणी घातली, बुवांच्या पाया पडली आणि पुन्हा त्या घरात गेली नाही.

पुढच्या वर्षी बदनापूरला क्लास काढला. पण मुलींना चीज देण्याआधी तिने त्यात एक बदल केला. अंतऱ्यात वरच्या 'सा'वरून खाली उतरताना कोमल निषाद निसटता लागतो. सगळी चीज त्या जागेवर उभी आहे. तिने तिथे शुद्ध निषाद ठेवला, अर्ध्या स्वराने वर. नवख्या कानाला तो सोपा वाटतो, गोडही लागतो.

"नुसती वाटली असती, तर त्यांचंच नाव झालं असतं," त्या सांगतात. "बुवांनी केवढं मोठं मन केलं, असंच म्हटलं असतं लोकांनी. मला ती वाटायची होती आणि नासवायची पण होती."

क्लासात एक रीत पडली. स्थायी बाई म्हणणार आणि अंतरा मुली म्हणणार, सगळ्या मिळून, मोठ्याने. ज्या भागासाठी स्वतःला चार वर्षं थांबावं लागलं, तो त्यांनी पोरींना चीज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात देऊन टाकला. अकरा वर्षांत तीनशेवर मुली शिकून गेल्या. त्यांनी तो अंतरा शाळेच्या स्नेहसंमेलनांत म्हटला, हळदीकुंकवाला म्हटला, मोबाइलवर टाकला. कुंभार पिंपळगावच्या अंगदने पुतणीकडून ऐकून तो क्लॅरिनेटवर बसवला. त्याचा बँड वरातीत वाजवतो.

असाच एक बँड २०२३ च्या मे महिन्यात जालन्यात बुवांच्या खिडकीखालून गेला. तिसऱ्या दिवशी महेमूदचाचा बदनापूरला आले.

"बेटी, बुवांनी धाडलं."

"बसा चाचा. चहा ठेवते."

"चहा मंग. आधी बात. बँड खालून गेला तेव्हापासून बुवा जेवून न्हाई राह्यले."

"बेसूर होता का बँड?"

"बँड बेसूर असतोच गं. चीज बिघडेल होती."

"कुठं?"

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठं ते तुला बराबर मालूम आहे. दहा साल मी त्याच खोलीत होतो."

बाईंनी पुढ्यातली पेटी बंद केली.

"बुवा बोलले, ये. गंडा बांधतो. चार लोकांसमोर, नारळ, पेढे, सगळं रीतसर. फक्त हे बंद कर."

"आत्ता?"

"देर झाली, मान्य. पण देऊन राह्यले ना."

सत्यशीलाबाईंनी उठून कपाट उघडलं. "हे वाचा. हे पुण्यात लोकांनी वाचलं. ते परत येतं का विचारा त्यांना."

"आणि हरिओम? त्यानं काय केलं तुझं?"

"काहीच न्हाई. तो शिकत होता. मी बी शिकत होते."

चाचा चहा न घेता गेले.

या वर्षी जानेवारीत बुवांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. जालन्यात सत्कार झाला आणि हरिओमचं गाणं ठेवलं. प्रवेश सर्वांना खुला होता. सत्यशीलाबाई बदनापूरहून अठ्ठावीस मुली घेऊन साडेपाचलाच पोचल्या आणि दुसरी-तिसरी रांग धरली. बुवा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, अंगावर शाल. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आठच्या सुमारास हरिओमने बिहागडा धरला. आधी दोन वाक्यं बोलला. "ही आमच्या घरातली चीज. बाबांनी ती मला एकट्याला दिली. आज पहिल्यांदा तुमच्यासमोर."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. नऊ वर्षांची फरहीन पुटपुटली, "मॅडम, ही तर आपली आहे."

"गप बस. ऐक."

हरिओमने स्थायी चांगली भरली. समेवर आला, श्वास घेण्यापुरता थांबला. क्लासात याच जागी अंतरा सुरू होतो. आधी फरहीन उठली, मग रांगच्या रांग. हरिओमची पट्टी मुलींना उंच होती, तरी त्या ओरडून चढल्या.

सत्यशीलाबाई म्हणतात, मी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

लोकांना वाटलं हे ठरवून केलंय. टाळ्या पडल्या. हरिओमला थांबता येईना, तो हसला आणि मुलींबरोबर अंतरा म्हणू लागला. वरच्या 'सा'वरून उतरताना त्याचा कोमल निषाद लागला आणि अठ्ठावीस जणींचा शुद्ध. ते इतकं कर्कश झालं की टाळ्या बंद पडल्या. एक बाई हसल्या. पेटीवाल्याने कुणाला धरायचं याचा क्षणभर विचार केला आणि मुलींचा स्वर धरला. हरिओमने त्याच्याकडे डोळे वटारले. दुसऱ्या आवर्तनात तेच घडलं.

तिसऱ्या आवर्तनात हरिओमने शुद्ध निषाद लावला. सगळं जुळलं. सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जास्त.

बुवांनी हातातली काठी जमिनीवर एकदा आपटली, पण टाळ्यांत ती कुणाला ऐकू गेली नाही. निवेदकाने नव्या पिढीचे आभार मानले. बाहेर पडताना मुलींची रांग बुवांच्या खुर्चीजवळून गेली, तेव्हा फरहीन तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, दादा आधी चुकले होते ना? मग बराबर आले."

सत्यशीलाबाई थांबल्या. बुवांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हो. चुकले होते."

महिन्याभराने महेमूदचाचा पुन्हा बदनापूरला आले. या वेळी निरोप नव्हता. डग्गा-तबला मात्र बरोबर होता.

"हरिओम आजकल सगळीकडं शुद्धच लावतो. परवा नांदेडला बी. कोमल लावला तर लोकं यूट्यूबवर लिहितात, चुकला म्हणून."

"बुवा?"

"बोलत न्हाईत त्याच्याशी." चाचांनी तबला पुढे ओढला. "असली चीज सुनाव बेटी, एकदा, कोमलवाली. मी ठेका धरतो. मग परत न्हाई मागणार."

सत्यशीलाबाईंनी तंबोरा घेतला. स्थायी म्हटली. अंतऱ्याला वर गेल्या आणि उतरताना शुद्ध निषाद लागला. थांबल्या. पुन्हा वरून आल्या. पुन्हा शुद्ध. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून, एकेक स्वर मोजत उतरायला घेतलं. तरी तोच.

चाचांचा हात थांबला. "वही असेल ना?"

"पाठ झाल्यावर जाळली."

"मंग जा. आज जा. बुवांकडं अजून आहे, जिंदा आहेत तवर. दार लावणार न्हाईत ते तुझ्यासाठी, मी जबान देतो."

खाली जिन्यात मुलींच्या चपला वाजायला लागल्या. पाच वाजले होते. सत्यशीलाबाईंनी तंबोरा मुलींच्या पट्टीत मिळवायला घेतला.

"राहू द्या चाचा," त्या म्हणाल्या. "त्यांना तो अंतरा एकट्यापाशीच ठेवायचा होता ना. ठेवू द्या."