भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या मॅडम

आमच्या कर्वेनगरच्या ऑफिसात मेश्राम मॅडम दिवसातून एकदा तरी भिंतीकडे तोंड करून बसत. नवीन माणसाला वाटे, बाई रुसल्या. प्रत्यक्षात त्या तेव्हा एजंट झालेल्या असत.

एजंट म्हणजे पेशंटचे मेसेज वाचून कामं उरकणारा एआय प्रोग्राम. तो आम्ही एका डायलिसिस सेंटरसाठी बनवत होतो. त्याच्या हाताशी टूल्स होती: एक रिकामी वेळ शोधणारं, एक वेळ बदलणारं, एक निरोप पाठवणारं. कोणतं केव्हा उचलायचं हे त्याला कळे ते फक्त टूलबरोबर लिहिलेल्या वर्णनावरून, आणि ती वर्णनं लिहिणं हे मॅडमचं काम. लिहून झालं की त्या खुर्ची फिरवत, वर्णनांचे कागद मांडीवर घेत आणि म्हणत, "हं, आता मागून पेशंट होऊन बोला. मला सेंटर दिसत नाही, तुमचे चेहरे दिसत नाहीत. कागदावर आहे तेवढंच मला ठाऊक." आम्ही मुद्दाम तिरपे प्रश्न टाकायचो. हातात चुकीचा कागद आला की त्या फसवणारं वाक्य तिथल्या तिथं खोडत.

मूळच्या नागपूरच्या. निम्मं आयुष्य कारखान्यांसाठी मशीनची माहितीपुस्तकं लिहिण्यात गेलेलं. "बटण दाबल्यावर काय होते, हे कोणीही लिहिते. कधी दाबू नये, ते लिहा ना बाप्पा!" पाठीमागे आम्ही त्यांना 'कधीनाही मॅडम' म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं असा माझा दाट संशय आहे.

टीम लीड प्रसादला मात्र त्यांची लांबलचक वर्णनं खुपत. एजंटला ती दर वेळी वाचावी लागत, उत्तराला उशीर होई. "मॅडम, आपण टूल बनवतोय, कादंबरी लिहीत नाही," असं तो म्हणे. प्रत्यक्ष चाचणी सुरू होण्याआधी त्यानं त्यांना न विचारता सगळी वर्णनं छाटली. वेळ बदलणाऱ्या टूलपुढे एकच वाक्य उरलं: 'पेशंटची डायलिसिसची वेळ बदलते.'

त्याच आठवड्यात एका दुपारी फोन आला. चाचणीपुरत्या तक्रारी आमच्याकडेच येत. लोणी काळभोरची एक बाई वडिलांसाठी रडवेल्या आवाजात बोलत होती. "अहो, आमच्या बापूंचा उद्याचा टाइम रद्द झाला म्हनून मेसेज आलाय. म्या नुसतं इचारलं व्हतं, दुपारचा मिळंल का? बापूंना आत्ताच दम लागतोय. उद्याचं चुकलं तर कसं व्हायचं?"

ते टूल आधी जुनी वेळ सोडून देई आणि मग नवी मिळवायला जाई. मॅडमनी लिहिलं होतं, 'नवी वेळ हाती असल्याशिवाय हे वापरू नये. पेशंट नुसती चौकशी करत असेल, तर आधी रिकामी वेळ शोधावी.' नेमकं तेच छाटलं गेलं होतं. दुपार भरलेली होती आणि बापूंची सकाळची जागा प्रतीक्षेतल्या एका गृहस्थांना गेलीसुद्धा.

आता मॅडम प्रसादला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आधी एजंट बंद करा. अंदाजानं कामं करून राहिला तो." मग त्यांनी सेंटरला फोन लावला.

"जागा तुमच्या मशीननंच दिली ना? मग तिलाच विचारा," रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या. मॅडमनी ते निमूट गिळलं आणि त्या गृहस्थांना फोन जोडून द्यायची विनंती केली.

"म्हणजे दिलेली वेळ आपण परत मागताय?" ते म्हणाले.

"हो. चूक आमची आहे. आपण नाही म्हणालात, तरी मला बोलायला तोंड नाही."

"माझी ठरलेली वेळ परवाची आहेच," ते म्हणाले. "डॉक्टर हो म्हणाले, तर घ्या."

डॉक्टर हो म्हणाले. पण बापूंना आणणार कोण? जावयाचा टेम्पो सकाळी मार्केट यार्डात भाजी घेऊन जातो, म्हणून तर मुलीनं दुपार विचारली होती. मॅडमनी प्रसादकडे पाहिलं. "गाडी आहे ना तुझ्याकडे? मीही येते."

दुसऱ्या दिवशी प्रसाद उशिरा ऑफिसला आला. बापू रस्ताभर मॅडमचा हात घट्ट धरून धापा टाकत होते, एवढं सांगून तो कामाला बसला आणि एकेक वर्णन पूर्ववत लिहू लागला. मॅडम मागून म्हणाल्या, "शुद्धलेखन तपासून घे."

निवृत्त होऊन त्या नागपूरला गेल्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला, मॅडम गेल्या. मी जिन्यात जाऊन रडले. त्यांची उणीव मला अजून रोज भासते.

परवा वरून हुकूम आला, वर्णनं निम्मी करा. प्रसादनं वर्णनं निम्मी करून छापून घेतली, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि कागद मांडीवर ठेवले. "बोल," तो मला म्हणाला.

"उद्या निघायला उशीर होईल. दुपारची वेळ मिळेल का?"

त्याचा हात वेळ बदलणाऱ्या कागदावर गेला आणि तिथंच थांबला. 'नवी वेळ हाती असल्याशिवाय' हे शब्द त्यावर उरले नव्हते. तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"वर कळव, एक शब्द कमी होणार नाही," तो म्हणाला. "बापू अजूनही तिथंच जातात, उद्या त्यांची वेळ आहे."