देवाचा वाटा

शेवटचा नट आवळून झाला की मिस्त्रीभाऊ पाना पुसायचे, हातपंपाला दोन्ही हात लावून नमस्कार करायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. "माहा वाटा झाला," म्हणायचे, "आता त्याचा." मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलावून दांडा तिच्या हाती द्यायचे. दुरुस्तीनंतरचं पहिलं पाणी त्यांनी स्वतः कधी काढलं नाही. उन्हानं माझा जीव जायची वेळ आलेली, आणि म्हातारी आपली पदर सारखा करत, काठी टेकत निवांत येते आहे. पण ती येईपर्यंत दांड्याला कुणी हात लावायचा नाही म्हणजे नाही.

मी सिंदेवाही तालुक्यात ग्रामसेविका म्हणून रुजू झाले तेव्हा ते हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर होते. माझ्याकडच्या गावांतला पंप बिघडला की गाडीत त्यांच्या शेजारी मी असायचेच. मी जरा तापट, आणि माझ्या घरी देवाधर्माचं फारसं प्रस्थ नाही. त्यांनी गाडीत समोर लावलेल्या मारुतीच्या तसबिरीला फूल वाहिल्याशिवाय गाडी हलायची नाही, तेव्हा मी घड्याळाकडं बघून उसासे टाकायचे. ते म्हणायचे, "चाक मीच हवा भरून तपासलं, बाई. रस्ता तेवढा त्याच्यावर सोपवून राह्यलो."

एका गावात पंप बंद पडून आठवडा झाला होता. आम्ही पोचलो तर पंपाला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ, आणि भजन रंगात आलेलं. तक्रार मात्र कुणी केलीच नव्हती, आम्हाला सहज जाता जाता कळलं म्हणून वळलो होतो. मिस्त्रीभाऊंनी चपला काढल्या, भजन संपेपर्यंत टाळ्यांचा ठेका धरला, खोबरं खाल्लं आणि मग पुढाऱ्यांना विचारलं, "देवाले बोलावलं ते बरंच केलं. पण मले काऊन नाई बोलावलं? त्याले बोल्ट आवळता येत असता तर माही भरती कायले झाली असती?"

उलट बाजूचा भेटला तरी सोडत नसत. एका शाळेतल्या गुरुजींनी त्यांच्या नमस्काराची थट्टा केली, की देवबिव काही नाही, पाणी मेहनतीनं येतं. मिस्त्रीभाऊंनी मान डोलावली. शाळेमागं एक कोरडी बोअर होती, तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मंग तिच्यावर करा न थोडी मेहनत, गुरुजी." गुरुजी हसले, मीसुद्धा हसले.

आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

जंगलाला लागून एक गाव होतं. मे महिना. गावचा एकुलता एक पंप आटल्यासारखा झाला होता, आणि बायका नाल्यावर जायला घाबरत होत्या, कारण तिथं वाघाचे पंजे उमटलेले. आम्ही पोचलो तर गावानं आपला निकाल लावून ठेवलेला. एका घरात नवी सून आली होती. तिनं विटाळात पंपाला हात लावला म्हणून देव रुसला, असं ठरलं होतं. तिला दूर मोहाच्या झाडाखाली बसवलं होतं. संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही तर तिला माहेरी पोचवायचं, असं तिची सासूच सगळ्यांना सांगत होती. माझं डोकं फिरलं. मी तिथंच भाषण सुरू केलं, ते कुणीही ऐकलं नाही.

मिस्त्रीभाऊंनी गावातल्या चार माणसांना हाताशी घेऊन सगळे पाईप वर काढले. वाशर झिजला होता. नवा वाशर त्यांनी माझ्या हातात धरायला दिला आणि तोंड वर करून बसवायचा असतो, हे दाखवलंसुद्धा. माझ्या डोळ्यांदेखत बरोबर बसवला. सगळं परत जोडून झालं, नमस्कार झाला, दोन पावलं मागं. म्हातारीनं दांडा हलवायला सुरुवात केली. पन्नास वेळा हलवला असेल. थेंब नाही.

सगळ्यांनी मोहाच्या झाडाकडं पाहिलं. मिस्त्रीभाऊंनीही पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"थांबा बापा," ते म्हणाले. "वाशर उलटा बसवला मी."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा मी ते मिटलं.

पुन्हा दोन तास खपले. पाईप वर आले, आणि खाली जाताना गाडीतले दोन नवे पाईप गुपचूप त्यांच्यात मिसळून गेले. पाणी खोल गेलं होतं, एवढंच. या वेळी म्हातारीचा हात विसाव्यांदा खाली आला आणि धो धो धार लागली. बायकांनी हंडे पुढं केले, पोरं भिजली, आणि अख्खं गाव मिस्त्रीभाऊंवर हसलं. सून गेली घरी, हंडा घेऊन.

परत येताना मी भांडले. खोटं कशाला बोललात, पाणी खाली गेलं म्हणायचं होतं सरळ.

"मंग म्हणाले असते, पाणी खाली काऊन गेलं? पुन्हा त्याच पोरीवर आलं असतं." थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "त्याचा वाटा आज दोन पाईप कमी पडला, बाई. मी भरून देल्ला. रिपोर्टात खरं लिवा, फक्त मोठ्यानं वाचू नका."

त्यांचं नाव 'उलटा वाशर' पडलं ते कायमचं. बाजारात पोरं हाका मारायची. निवृत्तीच्या निरोपसमारंभातही एका साहेबांनी त्यावर विनोद केला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते मिस्त्रीभाऊच. पुढं ते वरोऱ्याला लेकीकडं राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात तिथंच वारल्याचं कळलं.

या उन्हाळ्यात त्याच गावात जाणं झालं. नवा मिस्त्री, चांगला चुणचुणीत मुलगा. काम संपवून त्यानं दांड्याकडं हात नेला तर एका बाईनं त्याला अडवलं. तीच सून. आता तिची पोरगी दहावीत आहे. गावात सगळ्यात म्हातारी आता तिची सासू. सुनेनं तिचा दंड धरून तिला पंपापाशी आणलं. म्हातारी त्या मुलाला म्हणाली, "वाशर उलटा नाई न बसवला? आमचे मिस्त्री एकदा विसरले होते." सगळे हसले.

सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, वाशर सुलटाच होता."

तुला कसं माहीत, मी विचारलं.

"मले दूर बसवलं होतं न. दुसरं काम काय होतं? पाईप मोजत बसली. अकरा काढले, तेरा टाकले."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"सांगतलं असतं तर त्यायची मेहनत वाया गेली असती."

एवढं बोलून तिनं पंपाला हात जोडले आणि दोन पावलं मागं सरली.