मापाने घेतलेली चित्रं

फोन आला तेव्हा मी हॉलमधल्या भिंतीखालचा पांढरा भुगा झाडत होते. सुपली हातात तशीच धरून मी ऐकलं, की माझा नवरा अविनाश फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, एका टेबलासमोर कोसळला आणि अँब्युलन्स यायच्या आतच संपला. तो शनिवार होता. भिंतीतलं भोक गुरुवारचं. हिवाळी टायर बदलायची अपॉइंटमेंट घ्यायला मी विसरले होते, एवढ्यावरून त्याने मूठ मारली आणि हात मनगटापर्यंत भिंतीत गेला. पोलिसांनी नंतर एक पिशवी आणून दिली. तिच्यात पाकीट होतं, किल्ल्या होत्या, मेजर टेप होती आणि तपकिरी कागदात गुंडाळलेलं एक चित्र. ते मी उघडलंच नाही.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या आमच्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. अविनाशरावांचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही, असं तिथे दोघातिघांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. सगळ्यांना त्याचा संग्रह आठवत होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात छापलेली नटनट्यांची रंगीत चित्रं... खंजीर उगारलेला, गुलाबी गालांचा नट, विषाचा पेला धरलेली नटी, मेलेल्या राजाच्या छातीवर पाय ठेवून उभा असलेला सेनापती. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा असतो, ते एकावर एक दाबतात, एखादा केसभर जरी सरकला तरी चित्र बिघडतं, हे अविनाश पाहुण्यांना फार रंगवून सांगायचा. कॉलेजात एकांकिकांमधून खलनायक करायचा, त्यामुळे हे वेड त्याला शोभायचंही. पण एक चित्र गुडघ्याच्या उंचीवर आणि दुसरं दाराला चिकटून का लावलंय, हे एकाही पाहुण्याने विचारलं नाही.

त्या प्रत्येक चित्रामागे भोक आहे. आमच्या घरातल्या आतल्या भिंती जिप्समच्या, पोकळ. लाथ मारली, खुर्ची फेकली, स्वतःचं डोकं आपटलं, की आरपार. दुसऱ्या दिवशी अविनाश खाली मान घालून भोकाचं माप घ्यायचा आणि शनिवारी त्या मापाचा नट घेऊन यायचा. स्पिरिट लेव्हल लावून, रेषाभरही वाकडं होऊ न देता तो टांगायचा. मग आल्याचा चहा करायचा, माझ्यासमोर बसायचा आणि त्या नटाबद्दल दुकानदाराने सांगितलेलं सगळं मला सांगायचा. खोटं कशाला बोलू, त्या शनिवारांची मी वाट पाहायचे. इतकं हळू बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर फ्राउ बेकर राहतात. एकदा आदळआपट ऐकून त्या वर आल्या तेव्हा दार मीच उघडलं आणि मागच्या चित्रांकडे बोट दाखवून म्हटलं, "नाटकाची तालीम चाललीय." पुढे कित्येक वर्षं त्या जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "आल्झो, मग प्रयोग कधी?" मी "लवकरच" म्हणायचे आणि दोघी हसायचो. हे खोटं अविनाशने मला शिकवलेलं नव्हतं.

त्याने मला कधी मारलं नाही, असं मी माहेरी सांगत आले, आणि ते खरं आहे. पण एकदा त्याने ओट्यावरचा पितळी बत्ता उचलून फेकला आणि तो माझ्या कानाला वारा घालत भिंतीत घुसला. त्याचा नेम चुकला की त्याने चुकवला, हे मी त्याला विचारलं नाही आणि आता कुणाला विचारू... त्या भोकावर एका गाणाऱ्या नटीचं चित्र आहे. छापताना लाल ठोकळा सरकलाय, त्यामुळे ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाय. अविनाश म्हणायचा, ही चूक दुर्मिळ असते. मला मात्र तिथे मार खाल्लेली बाई दिसायची.

आमचा मुलगा ईशान चोवीस वर्षांचा आहे. वडिलांचं सगळं करायला आला तो राहिला. चौथ्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, की चित्रं देऊन टाकू आणि रंगाऱ्याला बोलावू. तो जर्मनमधून ओरडला, की बाबाचं एवढंच तर उरलंय. आणि मला काही कळायच्या आत त्याची मूठ भिंतीत होती. अगदी तसाच, मनगटापर्यंत... मी गॅस बंद केला आणि आत जाऊन बसले. अविनाश गेला तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

शनिवारी सकाळी ठोकण्याच्या आवाजाने बाहेर आले. ईशानने पोलिसांनी दिलेली ती पिशवी उघडली होती. बाबाने स्वतःच्या भोकासाठी मापून घेतलेलं चित्र तो आपल्या भोकावर धरून उभा होता. छातीवर हात ठेवून, वाकून प्रेक्षकांचा निरोप घेणारा नट होता तो. आमच्या घरातला हत्यार नसलेला पहिलाच. मला रडू आवरेना.

"माम्मा, पास्ट गेनाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "बरोब्बर बसतंय. थांब, मी चहा करतो."

मी त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. मग मी त्या गाणाऱ्या नटीला भिंतीवरून उतरवलं, त्याचा हात धरून बत्त्याच्या भोकात घातला आणि मी कशी उभी होते ते त्याला उभं राहून दाखवलं.

"इथे माझं डोकं होतं," मी म्हटलं.

त्याने हात काढला नाही.

आता सगळे नट पलंगाखाली आहेत आणि भिंती उघड्या. रंगाऱ्याला मी अजून बोलावलेलं नाही. काल फ्राउ बेकर केक घेऊन आल्या, दारातच थांबल्या आणि भोकांकडे बघत राहिल्या. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि त्या तालमी खरं तर काय होत्या, ते सांगायला सुरुवात केली.