गुडघ्याच्या वरचं पाणी

“आणि समज, खाली गेलीस आणि वर आलीच नाहीस, तर?”

“तर सुरतच्या बेकरीचा माल चेतना पाठवेल. पाक कधी उतरवायचा ते तिला कळतं.”

“मी गंमत करत नाहीये, कामिनी.”

“मीही नाही.”

हेमकांत शहाद्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचा. अंदमानात बेटं किती, त्यांतल्या किती बेटांवर वस्ती, पाऊस किती पडतो, सगळं त्याला तोंडपाठ होतं. तिथं आपली बायको एकटी जाईल आणि पाण्याखाली उतरेल, हे मात्र त्याच्या अभ्यासक्रमात कुठंच नव्हतं. घरात एरवी सगळे अहिराणी बोलत. भांडायचं असलं की हेमकांत शाळेतल्या मराठीवर यायचा, आणि मग कामिनीही त्याच मराठीत उत्तरं द्यायची. या भांडणाची आज तिसरी संध्याकाळ होती. ओट्यावर भाकरी थापत ती बोलत होती आणि दारात उभा राहून तो.

“बरं, मग मी येतो सोबत. रजा टाकतो.”

“नको.”

“का नको?”

“तुम्ही आलात की मी तुमचे कपडे धरून बसेन.”

दमण, गणपतीपुळे, जिथं जिथं हे कुटुंब समुद्राला गेलं होतं, तिथल्या फोटोंत कामिनी कोरड्या साडीत होती. मांडीवर टॉवेल, चार मोबाइल, चष्मे, कुणाचं तरी घड्याळ. बाकीचे सगळे लाटांत. तिला कुणी जबरदस्तीनं बसवलं नव्हतं. कुणीतरी बसायला लागतं, म्हणून ती बसत होती.

आतल्या खोलीतून तापीबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा आवाज आला. “एकली बाई समिंदरमा काय करी व? मासा मोजी?”

“मोजून सांगते तुम्हाला, आई.”

“आपला घरनी सून गुडगाना वर पानीमा गई नही आजलोंग.”

खरं भांडण ते होतं. हेमकांतच्या काळजीला उत्तर देता येत होतं, या वाक्याला नव्हतं.

कामिनी सारंगखेड्याची. तापीच्या काठावर वाढलेली. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून तिच्या वडिलांनी तिला पाण्यात सोडलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात डबा गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती भावांच्या पुढे निघू लागली. लग्न होऊन प्रकाशाला आली ती त्याच नदीच्या काठावर, फक्त थोडी खालच्या अंगाला. घाट घरापासून हाकेच्या अंतरावर. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाईंबरोबर नदीला गेली आणि सवयीनं पुढे सरकली, तेव्हा तापीबाईंनी मागून तिचा पदर धरला होता. या घरच्या सुनेनं गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. दिवा सोडायचा, ओटी भरायची, चुंदडीची लाल ओढणी वाहायची, तांब्यानं पाणी अंगावर घ्यायचं आणि माघारी यायचं. हा नेम कुणी घालून दिला, हे तापीबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या सासूनं त्यांचाही पदर असाच धरला होता.

कामिनीनं नेम पाळला. त्यावर रडत बसली नाही. मुलगी झाली, वाढली, शिकली. शेतात पपई लावल्यावर तिनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टूटी-फ्रूटीचा धंदा टाकला. कच्च्या पपईचे चौकोनी तुकडे, पाक, लाल-हिरवा-पिवळा रंग. गल्लीतल्या बायका आणि धाकटी जाऊ चेतना हाताशी होत्या. पपईच्या चिकानं बोटांची सालं निघायची, रंग नखांत राहायचा, पण नंदुरबारपासून सुरतेपर्यंतच्या बेकऱ्या तिचं नाव घेऊन माल मागवायच्या. तिकीट तिनं स्वतःच्या खात्यातून काढलं होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं, हेमांगीनं, फक्त मोबाइलवर बटणं दाबून दिली होती. “मम्मी, पोहायला येतं ना तुला?” तिनं विचारलं होतं. पोटच्या मुलीला ते माहीत नव्हतं.

“गुडघ्याचा नेम तापी नदीचा आहे, आई,” कामिनी भाकरी उलटत म्हणाली. “समुद्राचा कुणी सांगितला नाही.”

“माले कोनी इचारं नही, माले कोनी सांगू बी नका,” असं म्हणत तापीबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या घरात याला परवानगी म्हणत नसत, पण त्याच्या जवळचं काहीतरी ते होतं.

हेमकांत तिला नंदुरबार स्टेशनवर सोडायला आला तेव्हा गावात मिरची वाळवायचे दिवस होते. ठसका लागून फलाटावर सगळेच खोकत होते. गाडी हलताना तो खिडकीशी वाकून म्हणाला, “पोचनी का फोन कर.” शाळेची मराठी तेवढ्यापुरती संपली होती.

सुरत, दोन विमानं, मग बोट. बेटावरच्या लॉजच्या माणसानं तिच्या मागं बघत विचारलं, “मॅडम, सर पीछे आ रहे हैं?”

“सर की स्कूल चालू है,” कामिनीनं सांगितलं आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

पाण्यात उतरायला शिकवणारी मुलगी होती रिना. मायाबंदरकडच्या करेन जमातीची, लहानखुरी, उन्हानं भाजलेली. पहिल्या दिवशी स्नॉर्केलिंग. तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. कामिनीच्या गटात बंगलोरची जोडपी होती. ती सगळी काठाशीच धडपडत होती, नळीत पाणी गेलं म्हणून ओरडत होती. कामिनी पाण्यात शिरली आणि सरळ निघाली. हात विसरले नव्हते. रिनानं शिट्टी वाजवून तिला परत बोलावलं आणि विचारलं, “दीदी, आप कहाँ सीखीं?”

“तापी में.”

किनाऱ्यावर आल्यावर जोडपी निळे मासे, पिवळे मासे, एक कासव असं काहीबाही सांगत होती. कामिनी केस पिळत ऐकत होती. मग ती रिनाला म्हणाली, “तुमच्या समुद्रात मला तर काहीच दिसलं नाही. अंधार आहे नुसता.” हे ती हिंदीत म्हणाली, आणि एवढ्या खात्रीनं म्हणाली की एका नवऱ्यानं आपण कासव पाहिलं की नाही, याचा पुन्हा विचार केला.

रिना तिला पुन्हा पाण्यात घेऊन गेली. स्वतः तिच्या खाली गेली, उताणी झाली आणि काचेतून तिच्या तोंडाकडे पाहिलं. दोघी वर आल्या तेव्हा रिनाला हसू आवरत नव्हतं.

“दीदी, आँखें तो बंद हैं आपकी.”

कामिनीला पटलं नाही. तिनं पुन्हा तोंड पाण्यात घातलं. खरंच होतं. पाणी गालाला लागलं की पापण्या आपोआप मिटत होत्या. तापीत सगळेच डोळे मिटून पोहत. पावसाळ्यात गाळ, उन्हाळ्यात शेवाळ. डोळा उघडला तर वाळू जायची, वर आईच्या हातचा धपाटा. डोळे मिटूनच अलीकडून पलीकडे जायचं आणि पायाला चिखल लागला की काठ आला समजायचं. असं पोहणं तिच्या हाडात होतं. काच मध्ये आहे, डोळ्याला पाणी लागणार नाही, हे तिला कळत होतं. पापण्यांना कळत नव्हतं.

“ऐसे नीचे नहीं ले जाऊँगी,” रिना म्हणाली. आता ती हसत नव्हती. “नीचे सब इशारे से होता है. इशारा नहीं देखेंगी तो दोनों फँसेंगे.”

“कल देखूँगी,” कामिनी म्हणाली.

“कल देखते हैं,” रिना म्हणाली. दोन्ही वाक्यांत बराच फरक होता.

कामिनीनं रिनाकडून मुखवटा मागून घेतला आणि लॉजवर आली. न्हाणीघरात निळी बादली होती. तिनं ती काठोकाठ भरली, मुखवटा चढवला, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. पापण्या मिटल्या. डोकं काढलं. पुन्हा घातलं. तिला स्वतःचा राग आला नाही. पाक बिघडला की येतो तसा नुसता हट्ट आला. हवेतच डोळे बोटांनी ताणून धरायचे आणि तसंच डोकं घालायचं, असं करून पाहिलं, पण मुखवट्यावरून बोटं डोळ्यांपर्यंत जाईनात. मग तिनं गळ्यातली पितळी चेन काढून तळाशी टाकली. बघायला काहीतरी असलं पाहिजे.

फोन वाजला. हेमकांत.

“काय करतेस?”

“बादलीत डोकं घालून बसलेय.”

“बादली तर घरीही होती,” तो म्हणाला.

“घरी दाराबाहेर तुम्ही सगळे असता.”

तिनं सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं, पण तो गंभीरपणे म्हणाला, “मी वर्गात पोरांना सांगतो, नकाशा आधी बघा, मग डोळे मिटून आठवा. तू उलट करतेयस. आधी डोळे उघडे ठेव, मग हळूहळू पाणी काचेपर्यंत येऊ दे. डोकं घालू नकोस. बादली वर उचल.”

कामिनीनं फोन ठेवला आणि बादली स्टुलावर चढवली. वाकली. पाणी काचेला हनुवटीकडून लागत लागत वर चढलं. भुवयांपर्यंत आलं. डोळे उघडे होते. तळाशी चेन होती, प्रत्येक कडी वेगळी, आणि बादलीच्या बुडावर कंपनीचं उलटं उठवलेलं नाव. ते तिनं अक्षरन् अक्षर वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. श्वास संपेपर्यंत ती ते वाचत होती.

दुसऱ्या दिवशी रिनानं कंबरभर पाण्यात तिची परीक्षा घेतली. पाण्याखाली बोटांनी इशारे केले आणि कामिनीनं एकेका इशाऱ्याला बरोबर उत्तर दिलं. मग पाठीवर हवेची टाकी चढली, कमरेला शिशाचे वजनाचे तुकडे, आणि दोघी खाली गेल्या.

कान दुखले. नाक दाबून फुंकर मारली की मोकळे होत. स्वतःच्या श्वासाचा आवाज इतका मोठा, की घरात कुणी असा श्वास घेतला असता तर तिनं डॉक्टरकडे नेलं असतं. मग ती त्या आवाजाला सरावली आणि बघू लागली. फुलकोबीच्या गड्ड्यासारखं पोवळं होतं, पण सुपाएवढं मोठं. वाळूत एक काळं, जून गिलक्या-घोसाळ्यासारखं काहीतरी पडलं होतं आणि ते जिवंत होतं. एक हिरवा-गुलाबी मासा दगडाला तोंड लावून कुरूम कुरूम खात होता. त्याच्या खाण्याचा आवाज येत होता. लहान पट्टेरी मासे तिच्या बोटांजवळ आले. नखातला टूटी-फ्रूटीचा लाल रंग त्यांना आवडला असावा. पाणी वर होतं, खाली होतं, बाजूला होतं, आणि सगळीकडे दिसत होतं. रिनानं अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, ठीक? कामिनीनं बोटं जुळवून सांगितलं, ठीक. तिला इतकं ठीक बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

बेटावर राहायचे तेवढे दिवस ती रोज पाण्यात होती. संध्याकाळी एकटी बसून मासळीचं जेवण जेवायची. घरात माळकरी सासू असल्यानं मासळी चालत नसे. ती कुणासाठी थांबली नाही, कुणाचं ताट वाढलं नाही. तिला घरची आठवण आली, पण ती आठवण नुसती आली आणि बसली. उठून काही करायला लावलं नाही तिनं.

परत आली तेव्हा हेमकांतनं शाळेत आधीच सांगून ठेवलं होतं की, आपणच तिला पाठवलं. त्यानं रिनानं काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला. काळ्या तंग कपड्यात, पाठीवर टाकी घेऊन, एक बाई पोवळ्यांवरून संथ जात होती.

“हाई कोन शे?” तापीबाईंनी विचारलं.

“भाभी शेतस,” चेतना म्हणाली. “आई, ती टाकी गॅसची नही, हवानी शे.”

तापीबाईंनी व्हिडिओ संपेपर्यंत पाहिला. “तठे पानी गोड ऱ्हास का खारं?”

“खारं, आई.”

“डोया चुरचुरतस नही?”

“काच ऱ्हास मधमा.”

“हं,” तापीबाई म्हणाल्या. “हौस फिटनी ना? आते बस.” आणि सुखरूप आली म्हणून उद्या नदीला चुंदडी वाहायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सकाळी दोघी घाटावर गेल्या. बंधाऱ्यामुळे पात्र भरलेलं होतं, पलीकडचा काठ दूर. यात्रेकरू बायका पायऱ्यांवर ओल्या साड्या पिळत होत्या. कामिनीनं निऱ्या वर खोचल्या, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली, चुंदडी सोडली, हात जोडले. मग उभी राहिली. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून, दार धरून, आत जागा असून उभं राहावं, तसं तिला वाटलं. चुंदडी पुढे खोल पाण्याकडे जात होती. मागून तापीबाई म्हणाल्या, “चाल व, चहाना टाइम व्हयना.” तिचा पदर त्यांनी धरला नव्हता. धरायची गरज पडेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

कामिनी वळली आणि घरी आली. दिवसभर शेडमध्ये पाक केला, दोन बेकऱ्यांचा माल बांधला, कुणाशी जास्त बोलली नाही. हेमकांतला वाटलं, प्रवासाचा शीण आहे.

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले. खिचडी, कढी, भाजलेला पापड. हेमकांत म्हणत होता की, पुढच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून द्वारकेला जाऊ, तिथंही समुद्र आहे, कामिनीला आवडेल. चेतनानं विचारलं, कपडे सांभाळायला कोण बसणार? सगळे हसले. तापीबाईही हसल्या.

कामिनीनं सासूबाईंच्या ताटात तूप वाढलं, तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि स्वतःच्या पानावर बसली.

“उद्यापासून रोज सकाळी मी तापीत पोहायला जाणार आहे,” ती म्हणाली. “घाटावरूनच उतरेन, सगळ्यांसमोर. चहा ज्याला लागेल त्यानं करून घ्यायचा.”